हद्दीपलीकडचे पाणी : लहान शहर, लगतची गावे आणि पाणीपुरवठ्याची जबाबदारी

प्रश्नाचे स्वरूप

लहान शहराच्या नगरपरिषदेने उभारलेल्या मालमत्तांमध्ये पाणीपुरवठा योजना ही बहुधा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत दीर्घायुषी असते. नदीवरचा किंवा धरणातला उद्भव, म्हणजे पाणी उचलण्याची जागा, तेथील जॅकवेल, पाणी वर चढवणारी उद्धरण नलिका, जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ आणि त्यांपासून घरोघर पोहोचणारे वितरण जाळे अशी ही साखळी असून तिची प्रत्येक कडी ठरावीक लोकसंख्या गृहीत धरून आखलेली असते. ज्या नकाशावर ही आखणी होते त्यावर नगरपरिषदेच्या हद्दीची रेषा असते. वस्ती मात्र त्या रेषेला बांधलेली नसते. जमीन स्वस्त, कर कमी आणि बांधकामाचे नियम सैल असल्यामुळे घरे रेषेच्या पलीकडे वाढतात, ग्रामपंचायतीची विहीर किंवा विंधन विहीर त्यांना पुरेनाशी होते आणि काही वर्षांत त्या वस्तीचा अर्ज नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो : शहराची जलवाहिनी शेजारून जाते, तेव्हा नळजोड मिळावा.

या अर्जावरील चर्चा ‘द्यावे की न द्यावे’ एवढ्यावरच अडकते, हा या प्रश्नाचा मूळ दोष आहे. देण्याच्या बाजूने माणुसकीचा आणि मतांचा आधार घेतला जातो, नाकारण्याच्या बाजूने करदात्यांच्या हक्काचा. आणि निर्णय कोणत्याही बाजूने झाला तरी पाणी कोणत्या नात्याने दिले जात आहे, हे बहुधा अनुच्चारित राहते. उपकार म्हणून दिलेले पाणी टंचाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात बंद होऊ शकते. निव्वळ विक्री म्हणून दिलेले पाणी ज्याची ऐपत आहे त्यालाच मिळते. दोन्ही बाजूंची कर्तव्ये लिहून, करार म्हणून दिलेले पाणीच टिकते. भारतातील घटनात्मक चौकट, पाणीपुरवठ्याचे तांत्रिक निकष, अमेरिकेतील काही प्रकरणे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव एकत्र पाहिले असता हेच सूत्र वेगवेगळ्या वाटांनी समोर येते.

हद्दीबाहेरची वाढ

शहर आणि खेडे यांतील सीमारेषा किती वेगाने अपुरी पडत आहे याची साक्ष जनगणना देते. भारतीय जनगणनेत शहरांचे दोन प्रकार मानले जातात : ज्यांना कायद्याने नगरपालिका, नगरपंचायत किंवा तत्सम दर्जा मिळालेला आहे ती वैधानिक शहरे, आणि लोकसंख्या, घनता व बिगरशेती रोजगार या निकषांवर शहरासारखी झालेली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच असलेली जनगणना शहरे. दुसऱ्या प्रकारच्या शहरांची देशातील संख्या २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. याच काळात वैधानिक शहरे ३,७९९ वरून ४,०४१ पर्यंतच वाढली. लोकजीवन शहरी झाले, परंतु त्याला शहराच्या सेवा देणारी संस्था मिळाली नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात या वाढीला गुंठेवारीची जोड मिळाली. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते मंजूर रेखांकनाशिवाय विकण्याची ही पद्धत इतकी पसरली, की २००१ मध्ये राज्याला गुंठेवारी विकास नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. गुंठेवारीतल्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याने जागेचे पैसे भरलेले असतात, परंतु रस्ता, गटार आणि पाणी यांची किंमत त्या व्यवहारात कोणीच मोजलेली नसते. ती मागाहून शेजारच्या नगरपरिषदेकडे मागितली जाते. त्यामुळे अर्जदार कुटुंब निर्दोष आणि गरजू असले, तरी त्याची गरज निर्माण करणारा व्यवहार दुसऱ्याच कोणाच्या नफ्याचा असतो, ही गोष्ट निर्णय घेणाऱ्यांना विसरता येत नाही.

घटना, निधी आणि दोन मापे

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय ठरला, तर बाराव्या अनुसूचीत घरगुती, औद्योगिक व व्यापारी पाणीपुरवठा हा नगरपालिकांचा. महाराष्ट्रातील लहान शहरांना लागू असणाऱ्या १९६५ च्या नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमानुसारही पाणीपुरवठा हे परिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. पण ते मुळात स्वतःच्या क्षेत्रापुरते आहे. अशा रीतीने एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन शेजारी वस्त्या दोन वेगळ्या संस्थांच्या स्वाधीन झाल्या.

हा दुभंग सांधण्याची सोयही घटनेतच आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. अनुच्छेद २४३ झेड-डी नुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी लागते आणि विकास आराखडा तयार करताना तिने पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबींचा विचार करावा लागतो; या बाबींमध्ये पाण्याच्या वाटणीचा उल्लेख नावानिशी आहे. महाराष्ट्राने यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला. जिल्हा नियोजन समितीची ओळख लोकांच्या मनात मुख्यतः निधीवाटप करणारी बैठक अशी झाली असली, तरी शहर आणि लगतची गावे यांच्यातील पाण्याचा वाद ज्या टेबलावर सुटावा असे घटनेला अपेक्षित आहे, ते टेबल हेच होय.

निधीची रचना या अपेक्षेच्या उलट दिशेने जाते. गावांसाठी २०१९ मध्ये जाहीर झालेले जलजीवन मिशन आहे, तर शहरांसाठी २०१५ ची ‘अमृत’ योजना आणि २०२१ पासून तिचा सर्व वैधानिक शहरांना कवेत घेणारा दुसरा टप्पा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित ठेवून त्यातील निम्मा पिण्याच्या पाण्याशी आणि निम्मा स्वच्छतेशी बांधला. यांतील प्रत्येक पैसा योग्य कामासाठी आहे. मात्र शहराने आपली उद्धरण नलिका पुढील ३० वर्षांत लगतच्या गावांनाही पुरेल एवढ्या व्यासाची टाकावी आणि वाढीव खर्च गावांच्या योजनेतून यावा, अशी सांधेजोड करायची तर ती स्थानिक पातळीवर कोणाला तरी चिकाटीने करावी लागते.

मापेही दोन आहेत. जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज किमान ५५ लिटरचे उद्दिष्ट धरले जाते, तर भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरासाठी केंद्रीय नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत १३५ लिटर आणि भुयारी गटार नसलेल्या शहरासाठी ७० लिटर धरले होते. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील, पण राहणीमानाने पूर्णपणे शहरी असलेल्या कुटुंबाला यांपैकी कोणते माप लावायचे, हे करारात स्पष्ट नसेल तर कागदावर ५५ लिटर आणि वापरात त्याच्या दुप्पट अशी स्थिती येते, आणि तिची झळ जाळ्याच्या शेवटच्या टोकाला बसते.

क्षमतेचा हिशेब

हद्दीबाहेर पाणी देण्याची क्षमता आहे किंवा नाही, याचे उत्तर भावनेने देता येत नाही, तसेच उद्भवातील पाणी आरक्षणाच्या एकाच आकड्यावरूनही देता येत नाही. आरक्षण, शुद्धीकरण केंद्राची क्षमता, जलकुंभांची साठवण आणि टोकाचा दाब अशा चार पायऱ्यांवर हा हिशेब तपासावा लागतो, आणि यांतील सर्वांत दुबळी पायरी योजनेची खरी क्षमता ठरवते. नियमपुस्तिकेच्या त्याच १९९९ च्या आवृत्तीत ५० हजारांहून कमी वस्तीच्या शहरात गर्दीच्या वेळची मागणी सरासरीच्या तिप्पट धरली होती आणि एकमजली घरापाशी किमान ७ मीटर, दुमजली घरापाशी १२ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब शिल्लक असावा अशी अपेक्षा होती. मुख्य नलिका ओलांडून पलीकडे एक मोठी वस्ती जोडली गेली आणि जलकुंभ तेवढाच राहिला, तर पाणी संपत नाही, दाब संपतो. दाब गेला की रिकाम्या नळात भोवतालचे दूषित पाणी ओढले जाण्याचा धोका वाढतो आणि टोकाच्या घरापर्यंत प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन टिकवणेही कठीण होते.

यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. ३० हजार वस्तीचे शहर रोज ६० लाख लिटर पाणी शुद्ध करते आणि त्यातील ४० टक्के गळती, अनधिकृत जोड व मोजमापाअभावी हरवते, असे धरले तर नागरिकांपर्यंत ३६ लाख लिटर, म्हणजे दरडोई १२० लिटर पोहोचतात. अशा शहराला शेजारच्या ८ हजार लोकांचा अर्ज ओझे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हेच नुकसान २० टक्क्यांवर आणले, आणि केंद्राच्या सेवा निकषांना हीच पातळी अभिप्रेत आहे, तर ४८ लाख लिटर हाती राहतात. शहराला दरडोई १३५ लिटर देऊन साडेसात लाख लिटर उरतात, आणि ते त्या ८ हजार लोकांना दरडोई ९० लिटरांहून अधिक पुरतात. नवे धरण न बांधता, नवे आरक्षण न मागता हे घडू शकते. म्हणून शेजाऱ्याला पाणी नाही असे सांगण्यापूर्वी शहराने आपल्याच जाळ्यात किती पाणी मुरते हे मोजलेले असावे, ही मागणी न्याय्य ठरते. कराडलगतच्या मलकापूरसारख्या लहान शहराने मीटर आणि टप्प्याटप्प्याने चढत्या दराच्या आधारे चोवीस तास पाणीपुरवठा करून दाखवला, त्याचे महत्त्व येथे आहे : मोजलेले पाणीच वाटता येते.

पाण्याच्या हिशेबाला सांडपाण्याचा हिशेब जोडलेला असतो. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परतते असे मानून मैला-व्यवस्थापनाची आखणी केली जाते. हद्दीबाहेर १० लाख लिटर पाणी दिले तर सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी तेथील ओढ्यात उतरते, आणि तो ओढा अनेकदा शहराच्याच नदीला, कधी उद्भवाच्या वरच्या अंगाला मिळतो. नळजोडाचा ठराव करून गटाराचा विचार पुढे ढकलणे म्हणजे निम्मा निर्णय घेणे होय.

परदेशातील चार प्रकरणे

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालये, विधिमंडळे आणि आंतरराज्य संस्था अशा सर्व स्तरांवर लढला गेलेला असल्यामुळे त्याच्या निरनिराळ्या बाजू तेथे ठळक दिसतात. तेथील सर्वसाधारण कायदेशीर भूमिका अशी, की शहरावर हद्दीबाहेर पाणी देण्याचे मूळ कर्तव्य नाही. पण एखाद्या भागाचा सेवादाता म्हणून शहर एकदा वागू लागले, की तेथील लोकांमध्ये मनमानी भेद करण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही.

ओहायो राज्यातील झेन्सव्हिल शहराच्या सीमेलगतची कोल रन ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथील विहिरी कोळसा खाणींमुळे बिघडलेल्या होत्या, आजूबाजूच्या गोऱ्या कुटुंबांपर्यंत शहराचे पाणी पोहोचले होते, आणि या वस्तीतील लोक मात्र सुमारे अर्धे शतक पाणी वाहून आणत किंवा पावसाचे साठवत. २००३ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात २००८ च्या जुलैमध्ये ज्यूरीने हा वांशिक भेदभाव असल्याचे मान्य करून ६७ रहिवाशांना सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. हद्दीची रेषा नकाशावर एक असली, तरी नळ कोणापर्यंत न्यायचा हे ठरवताना दुसरीच रेषा पाळली जाऊ शकते, हे या निकालाने दाखवले.

ॲरिझोनातील रिओ वर्दे फूटहिल्सची वस्ती याहून वेगळी. त्या राज्यातील नियंत्रित भूजलक्षेत्रात सहा किंवा अधिक भूखंडांच्या रेखांकनाला १०० वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. पाच किंवा कमी तुकडे पाडले की ही अट टळते, आणि महाराष्ट्रातील गुंठेवारीची आठवण व्हावी अशा या पळवाटेतून तेथे घरे उभी राहिली. त्यांतील शेकडो घरे शेजारच्या स्कॉट्सडेल शहरातून भरून येणाऱ्या टँकरवर अवलंबून होती. कोलोरॅडो नदीच्या टंचाईत शहराने आधी सूचना देऊन १ जानेवारी २०२३ पासून तो पुरवठा थांबवला, आणि राज्याला त्याच वर्षी खास कायदा करून तात्पुरती व्यवस्था लावावी लागली. शहराची भूमिका नियमाला धरून होती, रहिवाशांची तहानही खरी होती. कायमच्या गरजेसाठी तात्पुरती परवानगी हा पाया मात्र कच्चा होता.

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या अवर्षणात ईस्ट पोर्टरव्हिल या सुमारे ७ हजार वस्तीच्या गरीब गावातील शेकडो विहिरी आटल्या. राज्याने खर्च उचलला आणि शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या जाळ्याशी घरे जोडली गेली. त्यासाठी घरमालकांना शहराशी हद्दीबाहेरील सेवेचा लेखी करार करावा लागला. त्या राज्यात शहराला अशी नवी सेवा एकट्याच्या मर्जीने देता येत नाही. जिल्हा पातळीवरील स्थानिक सीमा आयोगाची मान्यता लागते, आणि ती देताना पुढे होणारी हद्दवाढ किंवा सार्वजनिक आरोग्याला असलेला धोका ही कारणे पाहिली जातात. आपल्या जिल्हा नियोजन समितीकडून जे अपेक्षित आहे त्याचे हे एक चालते रूप आहे.

विस्कॉन्सिनमधील वॉकेशा शहराच्या भूजलात रेडियम आढळत असल्याने त्याला मिशिगन सरोवराचे पाणी हवे होते, पण शहर सरोवराच्या खोऱ्याबाहेर होते. २००८ च्या ग्रेट लेक्स करारानुसार आठ राज्यांच्या राज्यपालांची एकमुखी संमती आवश्यक होती. ती २०१६ मध्ये मिळाली, परंतु शहराने मूळ अर्जात समाविष्ट केलेला लगतचा बराच भाग वगळून आणि दैनंदिन मागणी १ कोटी १ लाख गॅलनवरून ८२ लाखांवर आणून. प्रत्यक्ष पाणी ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. शेजाऱ्याला पाणी देण्याची शहराची इच्छा असूनही उद्भवावर हक्क असलेले इतर भागीदार ती मर्यादित करू शकतात, हा या प्रकरणाचा धडा आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात शहराचे पाणी बहुधा हद्दीबाहेरूनच येते, आणि म्हणून येथील वादाला परतफेडीची बाजू आहे. मुंबईची तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे ज्या शहापूर परिसरात आहेत तेथील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इचलकरंजीला वारणेचे पाणी दानोळीतून आणि पुढे दूधगंगेचे सुळकूडमधून नेण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा नदीकाठच्या गावांनी तीव्र विरोध केला. या विरोधामागे शेतीच्या पाण्याची भीती आहेच. त्याचबरोबर शहर घेते पण देत नाही, ही दीर्घकाळची भावनाही आहे. ज्या गावाच्या शिवारातून शहराची जलवाहिनी जाते त्याला आपल्या टाकीसाठी त्याच वाहिनीतून मोजून पाणी मिळाले, तर ती वाहिनी राखण्यात गावालाही स्वारस्य निर्माण होते.

अनेक गावांना एकाच उद्भवावरून पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजना हा राज्याचा दुसरा मोठा प्रयोग. अकोला जिल्ह्यातील खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असल्याने वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारखी सामाईक व्यवस्था ही तेथील गरजच होती. मात्र प्रादेशिक योजनांचे दुखणेही सर्वपरिचित आहे : वाहिनीच्या सुरुवातीची गावे भरपूर घेतात, टोकाची कोरडी राहतात, कोरड्या गावातील लोक पाणीपट्टी भरत नाहीत, थकबाकीमुळे वीजबिल तुंबते आणि शेवटी सगळ्यांचाच पंप बंद पडतो. गावाच्या वेशीवर मोजणारा मीटर आणि प्रत्येक गावाच्या देण्याची स्पष्ट जबाबदारी नसेल, तर सामाईक मालकी कोणाचीच मालकी राहत नाही.

तिसरा मार्ग हद्दवाढीचा, म्हणजे लगतची गावे शहरात सामावून घेण्याचा. त्यात कर, नियम आणि सेवा एका छत्राखाली येतात हे खरे, पण समावेशाची अधिसूचना निघाली म्हणून नळाला पाणी येत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. कर शहराचा आणि पाणी टँकरचे, ही तेथील रहिवाशांची तक्रार त्यानंतरही टिकून राहिली, आणि पुढे फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. मोठ्या महापालिकेला जे सहज जमले नाही ते लहान नगरपरिषदेला केवळ हद्दवाढीने जमेल, असे मानण्यास आधार नाही.

टिकणाऱ्या निर्णयाचे घटक

या साऱ्या अनुभवांतून लहान शहरापुढे तीन व्यवहार्य पर्याय राहतात : घरोघर थेट नळजोड, ग्रामपंचायतीला वेशीवर घाऊक पाणी, आणि हद्दवाढ. यांपैकी घाऊक पुरवठा अनेक ठिकाणी अधिक योग्य ठरतो, कारण त्यात शहराची जबाबदारी वेशीवरच्या मीटरपर्यंत शुद्ध पाणी ठरलेल्या दाबाने पोहोचवण्याची राहते आणि गावातील वाटप, वसुली व दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या हाती राहते. अकराव्या अनुसूचीतील तिचा अधिकारही अबाधित राहतो. मात्र पर्याय कोणताही असला तरी दर, टंचाई आणि मुदत या तीन बाबी लेखी असाव्या लागतात.

दर ठरवताना हद्दीबाहेरच्या ग्राहकाने थोडे अधिक द्यावे हे न्याय्य आहे, कारण शहरातील करदात्याने योजनेची मूळ भांडवली जोखीम उचललेली असते. पण हा फरक प्रत्यक्ष खर्चाशी बांधलेला हवा. फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने हद्दीबाहेरच्या ग्राहकांवर २५ टक्के अधिभाराची मुभा देऊन त्यापुढील वाढीला सुनावणी आणि मर्यादा घातल्या आहेत, तो या दृष्टीने अभ्यासण्याजोगा नमुना आहे. हद्दीबाहेरच्या लोकांना नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत नसते, म्हणून त्यांना दरवाढीविरुद्ध दाद मागण्याची जागा करारातच द्यावी लागते.

टंचाईतील कपात सर्वांना सारख्या प्रमाणात होईल, की आधी बाहेरच्यांना, हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे, आणि तो पाऊस चांगला झालेल्या वर्षीच ठरवून ठेवला पाहिजे. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता किमान वाटा दोन्ही बाजूंना सारखा ठेवून त्यावरच्या वापरात शहराला अग्रक्रम देणे, ही समन्यायी वाटणी ठरते. मुदतीबाबतही तसेच : नलिकेचे आयुष्य ३० वर्षांचे आणि करार वर्षावर्षाचा असेल, तर कोणतीही ग्रामपंचायत आपले जाळे विश्वासाने उभारू शकत नाही.

महाडचा ठराव

लेखी बंधनाचे महत्त्व महाराष्ट्राला एका लहान शहराच्या इतिहासातूनच पटावे. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठरावही केला, पण तो अमलात आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयातून पक्का होण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

महाडमधील रेषा जातीची होती, नगरपरिषदेच्या हद्दीची नव्हती, आणि त्या लढ्याचा आशय पाण्याहून फार मोठा होता. तरीही लहान शहरांच्या सभागृहांना त्यातून एक गोष्ट घेता येते. बहुमताने केलेला ठराव बहुमतानेच फिरवता येतो, आणि ज्यांच्यासाठी तो केला ते सभागृहात नसतील तर फिरवणे आणखी सोपे होते. हद्दीबाहेरचा माणूस नेमका असाच सभागृहाबाहेरचा असतो. म्हणून त्याला द्यायचे पाणी मोजून, क्षमता तपासून, गटाराची सोय पाहून आणि योग्य दराने द्यावे. आणि एकदा द्यायचे ठरले की ते एका बाजूला एकट्याने परत घेता येणार नाही अशा करारात बांधून द्यावे.